येथे अर्ज लिहून मिळतील

लेखक कसे व्हावे, या विषयावर मराठीत जेवढे लिहिले गेले आहे तेवढे पिठले कसे करावे यावरही लिहिले गेले नसेल. वास्तविक पिठले जास्त लोकांना लागते. पण पिठले बिघडले तर ते पाच मिनिटांत कळते आणि करणाऱ्याला घरातल्या घरात ऐकून घ्यावे लागते. लेखन बिघडले तर मात्र त्याचा संग्रह निघतो, त्याला प्रस्तावना मिळते आणि प्रकाशनाला हार घालून घेता येतो. तेव्हा ओढा कुणीकडे राहणार, हे उघड आहे.

सल्ले तर ठरलेले. पहाटे उठावे, खिडकीशी बसावे, खिडकीबाहेर शक्यतो झाड असावे. खिडकीबाहेर शेजाऱ्याची मोरी असेल त्याने काय करावे, हे कोणी सांगत नाही. बहुधा त्याने वास्तववादी व्हावे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचे तंत्र रीतसर मांडून दिले. त्या वाटेने जाणाऱ्या होतकरूला कथानक मिळते, गुंतागुंत मिळते, उत्कर्षबिंदू मिळतो. आता सांगायचे काय, तेवढेच काय ते शिल्लक राहते. यात फडक्यांचा दोष नाही. ज्याने नकाशा दिला त्याच्याकडेच गावही मागणे हा कृतघ्नपणा झाला.

गावाचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. मी दुधनीचा. दुधनी कुठे आहे, हे पुण्याच्या माणसाला समजावणे हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. अक्कलकोट रोड आले की डब्यातले निम्मे लोक 'स्वामी समर्थ' म्हणत उतरतात. उरलेले गाणगापूर रोडला दत्ताच्या दर्शनासाठी उतरायचे असतात. या दोन देवस्थानांच्या मधल्या डुलकीत जे स्टेशन निघून जाते, ते दुधनी. तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर, राज्य महाराष्ट्र. आणि अंगणात उभे राहून जोरात शिंकले तर 'चिरंजीव' म्हणणारा कर्नाटकातला. १९६७ साली महाजन आयोगाच्या अहवालात सबंध अक्कलकोट तालुका तिकडे द्यावा अशी शिफारस झाली. शिफारस जागच्या जागी राहिली आणि गावही. गावाला त्याची सवय आहे. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, आणि उधारी मागायला आलेल्या माणसासमोर एकही नाही, अशी आमची भाषेची वाटणी पहिल्यापासूनची.

दोन भाषांच्या गावात माणूस शब्दाला जरा दचकूनच असतो. कानडीत 'ओदु' म्हणजे वाच आणि 'ओडु' म्हणजे पळ. एवढ्याशा फरकावर शाळेतली निम्मी पोरे आयुष्यभर वाचली, म्हणजे पळाली. 'बरे' हा मराठी माणसाला दिलासा देणारा शब्द. कानडीत मात्र 'बरे' म्हणजे लिही, आणि तापल्या लोखंडाने दिलेल्या डागालाही 'बरे'च म्हणतात. लिहिणे आणि डाग देणे यांना एकच शब्द ठेवणाऱ्या भाषेला साहित्याची समज नाही, असे कोण म्हणेल?

तर अशा या गावात 'मी लेखक आहे' हे सांगणे फार अवघड. आमच्याकडे तूर, हरभरा, उडीद यांचा बाजार मोठा. तिथल्या एका जुन्या अडत्यांशी झालेले माझे संभाषण मी मराठी समीक्षेतला एक महत्त्वाचा दस्तऐवज समजतो.

"काय करालास सध्या?"

"लिहितो, मामा."

"अर्ज?"

"नाही. लेख."

"म्हंजे खरेदीखत?"

"तसं नाही. आपलं… मनातलं."

मामांनी पोत्यात हात घालून मूठभर तूर काढली, तळहातावर फुंकली आणि म्हणाले, "मनातलं लिव्हतोस ते चांगलंच हाय की. पण मग खाली सही कुणाची घेतोस?"

"माझीच."

"आन् साक्षीदार?"

यावर उत्तर देण्याइतकी मराठी समीक्षा माझ्या वाचनात नव्हती. आजही नाही.

मामांचेही चूक नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर लेखक म्हणून एकच माणूस होता, आणि तो माणूस गावाच्या बाजारपेठेत एका बंद दुकानाच्या फळीवर बसायचा. पूर्वी अडतीवर दिवाणजी होते. लोक त्यांना मास्तर म्हणत. कुठल्याही शाळेने त्यांना नेमले नव्हते. चष्मा आणि धोतर एवढ्या भांडवलावर ही पदवी मिळाली होती. पुढ्यात लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर फुलस्केप कागद, कार्बन, शाईचा पॅड. आणि मागे एक पाटी, वर मराठीत, खाली कानडीत: येथे अर्ज लिहून मिळतील. साहित्यिकाने इतकी स्पष्ट जाहीर भूमिका घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मास्तरांचे तंत्र तीन प्रश्नांत संपे. कुणाला? काय पाहिजे? आणि कशावरून? मग पेन खाली ठेवून ते ऐकत. समोरचा माणूस आजोबांपासून सुरुवात करी. विहीर, भाऊबंदकी, मेलेली म्हैस, सुनेचे माहेर, असे सगळे येई. मास्तर तोडत नसत. मी एकदा विचारले, इतके कशाला ऐकता? तर म्हणाले, "अर्ज शेवटच्या वाक्यात असतो. तो पहिल्यांदा कुणी सांगत नाही." कथेच्या शेवटाबद्दल याहून नेमके मी कुठल्याही जाडजूड ग्रंथात वाचलेले नाही; आणि मास्तर हे फुकट सांगत होते, म्हणून कुणी टिपून घेतले नाही.

संजय गांधी निराधार योजना १९८० साली सुरू झाली आणि मास्तरांच्या फळीसमोर म्हाताऱ्या बायकांची रांग वाढली. त्यांतल्या एकीचा अर्ज मी होताना पाहिला. सोबत तिचा शिकलेला भाचा होता आणि त्याने घरूनच मजकूर आणला होता: 'माझा मुलगा माझे पालनपोषण करण्यास असमर्थ असल्याकारणाने' वगैरे. मास्तरांनी तो कागद घडी करून त्याच्याच खिशात घातला आणि म्हातारीला कानडीत विचारले, काय झाले? ती म्हणाली, "मगा नोडंगिल्ल." म्हणजे मुलगा बघत नाही. एवढे म्हणून तिने लगेच इकडेतिकडे पाहिले आणि सांगितले, हे लिहू नका. त्याला बोल लागेल.

आता आली का पंचाईत? 'असमर्थ' म्हणावे तर खोटे; मुलगा धडधाकट होता. 'बघत नाही' म्हणावे तर खरे, पण आई ते कागदावर जाऊ देईना. आणि काहीच न लिहावे, तर मुलगा आहे एवढ्यावर साहेब अर्ज बाजूला ठेवणार. एका शब्दावर म्हातारीची महिन्याची चूल अडलेली. तुमचे-आमचे शब्द चुकले तर फार तर एखादे साभार परतीचे पाकीट येते.

मास्तरांनी अर्धा तास घेतला. काय कमावतो? हमाली करतो. पोरे किती? चार. तू कुठे राहतेस? देवळामागे, वेगळी. शेवटी त्यांनी लिहिले: 'मला एक मुलगा आहे. तो हमाली करतो. त्याला चार लेकरे आहेत. मी देवळामागे वेगळी राहते. मला कमाई नाही.' पाच वाक्ये. विशेषण एकही नाही. आरोप नाही आणि खोटेही नाही. मग ते मराठी कागद समोर धरून त्यांनी कानडीत वाचून दाखवले. म्हातारी ऐकत राहिली आणि म्हणाली, "हौदु. हे तर मीच म्हणाले." वास्तविक तिने यातले एकही वाक्य असे सलग म्हटले नव्हते. मग तिने पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला.

वाचकहो, लेखकाला याहून मोठा पुरस्कार असतो असे मला वाटत नाही. लिहिले दुसऱ्याने, दुसऱ्या भाषेत. आणि जिच्याबद्दल लिहिले ती म्हणते, हे मीच म्हणाले.

तुम्ही म्हणाल, अहो, अर्ज म्हणजे काय साहित्य? लिहून देणे निराळे आणि लेखक असणे निराळे. मलाही तसेच वाटायचे. पण मराठीच्या उंबऱ्यावरच वेगळे लिहून ठेवले आहे. शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या शेवटी 'लेखक' हा शब्द येतो, आणि तो ज्ञानेश्वरांसाठी येत नाही. येतो तो सच्चिदानंदबाबांसाठी, ज्यांनी ती लिहून घेतली. म्हणजे तेव्हा लेखक हा लिहून घेणारा होता. सांगणारा कोणी वेगळा, मोठा. तुकोबांच्या मागेही संताजी जगनाडे उभे आहेत, असे परंपरा सांगते. पुढे कधी तरी लेखकाने सांगणाऱ्याला उठवून त्याच्या जागेवर स्वतःच बैठक मारली, आणि तेव्हापासून ऐकण्याची खुर्ची रिकामी आहे. अडत्यामामा बिचारे शब्दाचा सातशे वर्षांचा जुना अर्थ वापरत होते. मागासलेला मी होतो.

या कसोटीला मी अंगठ्याची कसोटी म्हणतो. समीक्षेत पाश्चात्य कसोट्या पुष्कळ आहेत. ही देशी आहे आणि पॅड स्वस्त मिळतो. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला ते वाचून दाखवावे. तो अंगठा उमटवील का? बस्स. तेराव्या शतकातल्या म्हाइंभटाने ही कसोटी स्वतःलाच लावून घेतली होती. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन त्याने गोळा केल्या, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, तेव्हा लीळाचरित्र झाले. मराठीतले पहिले मोठे गद्य पुस्तक लिहिणाऱ्याने बूट आधी झिजवले आणि बोरू नंतर. (बूट नसतील. पण झिजवले.)

हरिभाऊ आपट्यांचे पाहा. १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. पुरुषाने लिहिलेले, पण बोलते आहे यमू. तिचे लग्न, तिचे वैधव्य, तिचे केशवपन, सगळे तिच्या तोंडून. आजवर आपण ही पहिली मोठी सामाजिक कादंबरी म्हणून परीक्षेत पाच गुणांना लिहीत आलो. मी तिच्याकडे अर्ज म्हणून पाहतो. कुणाला? समाजाला. काय पाहिजे? माणसासारखे वागवा. कशावरून? माझ्या जन्मावरून. आणि नाव तर असे, की जगातल्या कुठल्याही अर्जाच्या तळाशी ते छापून ठेवावे. त्या काळच्या किती यमूंनी चोरून ते अंक वाचले असतील आणि मनातल्या मनात अंगठा उमटवला असेल, त्याची नोंद कुठल्याच कचेरीत नाही.

बहिणाबाईंच्या बाबतीत गंमत उलटी. त्यांना लिहिता येत नव्हते. बोलणे सगळे त्यांचे. मुलाने, सोपानदेवांनी, टिपलेल्या त्या ओव्या-कविता, त्या गेल्यावर, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आल्या. तिथे लिहून घेणाऱ्याची थोरवी ही, की त्याने भाषा दुरुस्त केली नाही. सोपानदेव स्वतः कवी होते. हात शिवशिवला नसेल असे थोडेच आहे? आमच्या भाच्यासारखा त्यांनी एखादा 'असमर्थ असल्याकारणाने' मध्ये घुसडला असता, तर बहिणाबाई आज गावागावात नसत्या, फक्त ग्रंथालयात असत्या.

आणि मग ज्यांचे अर्ज कुणी लिहूनच घेत नव्हते, त्यांनी पेन हातात घेतले. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. त्यात शिकलेला दया पवार ऐकतो आहे आणि दगडू मारुती पवार त्याला सांगतो आहे. माणूस एकच, पण त्याने स्वतःचे दोन भाग केले, एक ट्रंकेच्या अलीकडे, एक पलीकडे. अंगठा आणि पेन एकाच हाताला असण्याचे दुःख काय असते, ते या रचनेत आपोआप दिसते. तंत्राच्या पुस्तकातून हे येत नाही.

आमच्या तालुक्यापुरते बोलायचे, तर त्र्यं. वि. सरदेशमुख अक्कलकोटात जन्मले. संस्थानी नगरीवर त्यांनी 'डांगोरा एका नगरीचा' ही कादंबरी लिहिली आणि २००३ साली तिला साहित्य अकादमी मिळाली. त्याच तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांनी १९८४ साली 'अक्करमाशी' लिहिले. डांगोरा पिटायला दवंडीवाला लागतो, आणि अर्ज करायला नाव लागते. अर्जातला दुसराच रकाना असतो: वडिलांचे नाव. तुम्ही-आम्ही तो न वाचता भरतो. 'अक्करमाशी'त तो रकाना भरता येत नाही, आणि त्या एका कोऱ्या जागेतून सबंध पुस्तक बाहेर येते. दुधनीहून हन्नूर फार लांब नाही. मास्तरांच्या फळीसमोर त्या रकान्याशी येऊन गप्प झालेली माणसे मी पाहिली होती. मास्तर तिथे घाई करत नसत. पेन खाली ठेवत आणि चहा सांगत. मी मात्र ते पुस्तक येईपर्यंत त्या गप्प बसण्याला विषय समजत नव्हतो, चहा समजत होतो.

आता एक रास्त आक्षेप. कुणी म्हणेल, ठीक आहे, आत्मचरित्राला अंगठा मिळेल. पण ज्याने सगळे मनातूनच काढले, त्याने काय करावे? जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथेतला प्रवासी किंवा राजपुत्र अंगठा द्यायला कुठल्या गावाहून यायचा? याचे उत्तरही आमच्याच बाजूला आहे. जी. ए. धारवाडात राहिले, कॉलेजात इंग्रजी शिकवली, भोवती कानडी ऐकली आणि कथा मराठीत लिहिल्या. द. रा. बेंद्रे त्याच धारवाडचे. घरची भाषा मराठी, कविता कानडीत. आणि १९४४ ते १९५६ ते सोलापुरात डी.ए.व्ही. कॉलेजात कानडी शिकवत होते. १९७३ चे ज्ञानपीठ बेंद्र्यांना, आणि त्याच १९७३ चा अकादमी पुरस्कार जी.एं.च्या 'काजळमाये'ला. एकाच गावात, एक मराठी घरातला कानडी कवी आणि एक कानडी मुलखातला मराठी कथाकार! पोस्टमनचा गोंधळ झाला नाही, हेच नवल.

मला दोघांत एक साम्य दिसते. कानात एक भाषा चालू असताना दुसरीत लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द पलीकडच्या कानाला कसा लागेल, ते आधी ऐकू येते. मास्तरांना तेच येत होते. असा लेखक राजपुत्राबद्दल लिहू दे नाही तर राक्षसाबद्दल, वाचता वाचता आपण थांबतो आणि म्हणतो, अरे, हे तर मीच म्हणालो होतो. फक्त मला म्हणता आले नव्हते. काल्पनिक माणसाच्या वतीने अंगठा वाचक देतो. तो कुलमुखत्यार आहे.

या कसोटीवर नापास कोण होते, याची यादी मी देत नाही. मला याच महाराष्ट्रात राहायचे आहे. पण काही जाती सांगता येतील. शहरातल्या पंख्याखाली बसून खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडी 'लेकरा, मातीचं ऋण' घालणारे आहेत. आमच्या म्हाताऱ्या मातीबद्दल बोलतात त्यातले निम्मे छापण्यासारखे नसते, आणि उरलेले निम्मे वाटणीबद्दल असते. दुसरे, आम्ही विनोदी लेखक. बायको, भाडेकरू आणि नोकर यांच्यावर आम्ही पिढ्यानपिढ्या पाने भरली. त्यांतल्या एकालाही वाचून दाखवायची हिंमत किती जणांनी केली? विनोदाला अंगठा मिळवणे तर सगळ्यांत कठीण. ज्याच्यावर हसलो तो आपल्याबरोबर हसला, तर तो विनोद. नाही तर ती फक्त संख्या, आपण जास्त आणि तो एकटा. तिसरे, समीक्षक. त्यांच्या लेखाला अंगठा कुणाचा, हे विचारायची सोय नाही. कारण ज्याच्यावर लिहिले त्यालाही तो समजत नाही, आणि न समजलेल्या कागदावर अंगठा उमटवू नये, हे मास्तरांनी गावाला पक्के शिकवून ठेवले आहे.

आता अर्ज संगणकावर भरतात. रकाने आधीच ठरलेले असतात आणि शेवटच्या वाक्यासाठी जागा नसते. ज्याला जे सांगायचे आहे, तेवढे सोडून बाकी सगळे भरता येते. साहित्यातही साधारण हीच सुधारणा झाली आहे. आणि अंगठा तर इतका स्वस्त झाला आहे, की मोबाईलवर लेख टाकावा तर वाचायला लागणाऱ्या वेळेच्या आत चाळीस अंगठे हजर! 'ओदु' आणि 'ओडु' यांतला फरक आमच्या गावाबाहेरही मिटला म्हणायचा. मराठीत 'अंगठा दाखवणे' म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्या चाळिसांनी फार हुरळून जाऊ नये.

तो अंगठा वाचण्याच्या आधी येतो. ट्रंकेसमोरचा वाचून झाल्यावर येत असे. आणि त्याची शाई, साबण लावला तरी, दोन दिवस भाकरी थापताना दिसत असे.